आईला हिरवा ठिपका वाचता येतो, बाकीचा पुडा येत नाही

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

तुमच्या नोंदणीचा १४ आकडी क्रमांक माझ्या गल्ल्याच्या वर, सिद्धरामेश्वरांच्या फोटोशेजारी लावलेला आहे. म्हणजे कागदोपत्री तरी आपली ओळख आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात माझं किराणा दुकान आहे. आधी वडील बसायचे, १९९३ पासून मी बसतो. पत्रात तक्रारी आहेत, पण त्याआधी एक कबुली दिलेली बरी. ज्या मालाबद्दल मी बोलणार आहे तो मीच विकतो. आज सकाळी शाळा भरायच्या वेळेलाही विकला.

आधी घरातलं सांगतो. माझी आई ७८ वर्षांची आहे, चौथी शिकलेली. पोथी वाचते, पेपर वाचते, चष्मा लावला की बारीक अक्षरही सोडत नाही, फक्त ते मराठीत पाहिजे. सहा वर्षांपूर्वी तिला शुगर निघाली. डॉक्टरांनी गोड बंद सांगितलं, तिने त्याच दिवशी चहातली साखर बंद केली. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा जिभेला लावून परत वाटीत ठेवायची. आणि त्या बिनसाखरेच्या चहात सकाळी चार, संध्याकाळी चार बिस्किटं बुडवायची. पुडा तपकिरी रंगाचा, त्यावर गव्हाची ओंबी, आणि पोटाला बरं असा अर्थ निघेल असं नाव. हा पुडा मीच फळीवरून काढून घरी पाठवत होतो.

तीन महिन्यांची साखर काही उतरेना. चोरून गोड खातेस का, म्हणून मी एकदा तिच्यावर आवाज चढवला. ती काही बोलली नाही, पदर डोळ्याला लावून आत गेली. त्या रात्री दुकान बंद केल्यावर मी तो पुडा घेऊन बसलो. अक्षर इतकं बारीक की मोबाइलच्या कॅमेऱ्यात धरून मोठं करावं लागलं. पीठ, पाम तेल, साखर, पुढे इन्व्हर्ट सिरप, पुढे लिक्विड ग्लुकोज, मग आत घातलेल्या रसायनांची नावं नाहीत, नुसते आकडे: ३२२, ४७१, ५००, ५०३. साखर एकच, पण तीन नावांनी तीन ठिकाणी बसवलेली. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यायची असा तुमचाच नियम आहे. साखरेचे तीन तुकडे केले की प्रत्येक तुकडा हलका होतो आणि यादीत खाली सरकतो. १०० ग्रॅममागे साखर १७ ग्रॅम.

सकाळी आईला विचारलं, हे तब्येतीला चांगलं म्हणून तुला कुणी सांगितलं? तिने पुडा फिरवला आणि एका जागी बोट टेकवलं. "हा बघ की हिरवा ठिपका."

हिरव्या चौकटीतला तो हिरवा ठिपका एवढंच सांगतो की आत मांस-अंडं नाही. आईने त्यातून 'चांगलं' असं वाचलं. माझी कितीतरी गिऱ्हाइकं तसंच वाचतात, आणि त्यात त्यांची चूक आहे असं मला वाटत नाही. अख्ख्या पुड्यावर त्यांना कळेल असं तेवढं एकच चिन्ह आहे.

या पत्रात मला सांगायचंय ते खरं तर इथेच संपतं. अडाणी माणसालाही लांबून ओळखू येईल असं चिन्ह पुड्यावर छापता येतं, आणि देशभर छापून घेता येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग साखर, मीठ आणि चरबी यांच्यासाठी ते अजून का नाही?

आता तक्रारी सांगतो.

पहिली तक्रार पुड्याच्या पाठीमागच्या तक्त्याबद्दल आहे. तुमच्या २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे तिथे १०० ग्रॅमचा हिशेब असतो, आणि एका वेळच्या खाण्यात दिवसभराच्या गरजेचे किती टक्के आले तेही असतं. ते टक्के धरले आहेत २००० किलोकॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसावर: जादा म्हणजे वरून घातलेली साखर ५० ग्रॅम, मिठातलं सोडियम २००० मिलिग्रॅम, संपृक्त चरबी २२ ग्रॅम. माझ्या काउंटरला नाक टेकवून उभं राहणारं गिऱ्हाईक आठ वर्षांचं आहे. त्याच्या हातातल्या ७५ ग्रॅमच्या क्रीम बिस्किटाच्या पुड्यावर १०० ग्रॅममागे २४ ग्रॅम जादा साखर लिहिली आहे, आणि एका वेळचं खाणं धरलंय १५ ग्रॅम. म्हणजे दीड-दोन बिस्किटं. साखर ३.६ ग्रॅम, टक्के ७. सात टक्के म्हटलं की कुणालाही वाटेल, काही नाही त्यात. पण पोरगं शाळेच्या फाटकापर्यंत पोचेस्तोवर पुडा संपवतं. पोटात गेलेली साखर १८ ग्रॅम. मोठ्या माणसाच्या मापानेही ३६ टक्के झाली. जागतिक आरोग्य संघटना तर मोठ्या माणसालाही जमलं तर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. आम्ही किराणावाले हिशेबाला पक्के समजले जातो, पण असा हिशेब मी गिऱ्हाइकापुढे मांडला असता तर दुसऱ्या दिवशी शटर उघडायची हिंमत झाली नसती.

दुसरी तक्रार भाषेची. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असला की नियम पाळला गेला. माझ्या फळीवरचे बहुतेक पुडे इंग्रजीच वापरतात. जाहिरात मात्र मराठीत असते, तिथे भाषेची अडचण येत नाही. जाहिरातीतली आई सोलापुरी ढंगातसुद्धा बोलते. मीठ किती, हे सांगायची वेळ आली की सगळे इंग्रजी होतात.

तिसरी तक्रार उशिराची आहे, आणि ती मला सगळ्यात जास्त लागते. पुड्याच्या पुढच्या बाजूला पोषणाची माहिती असावी, हे तुमच्या तज्ज्ञ समितीने २०१४ मध्ये सांगितलं. २०१८ मध्ये तुम्ही मसुदा आणलात. साखर, मीठ, चरबी जास्त असेल तिथे लाल खूण, असं त्यात होतं. तो बाजूला पडला. सप्टेंबर २०२२ मध्ये दुसरा मसुदा आला, त्यात लाल खूण गेली आणि तारे आले. अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत. तेही पहिली चार वर्षं ऐच्छिक. त्यावर १४ हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांत शिफारशी द्या म्हणून सांगितलं. हे पत्र लिहिताना माझ्या फळीवर एकही पुडा असा नाही, ज्याच्या पुढच्या बाजूला असा इशारा आहे. २०१४ साली माझ्याकडे लडीतलं पाकीट तोडून घेणारा पोरगा आज लग्नाचा झालाय.

ताऱ्यांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तारे दिसायला छान असतात आणि आपली माणसं ताऱ्याला भुलतात. तुमच्या पद्धतीत साखर-मीठ-चरबीचे वाईट गुण आणि तंतू, प्रथिनं, फळं, सुकामेवा यांचे चांगले गुण एकत्र करून शेवटी एक शेरा निघतो. माझ्या उधारीच्या वहीत दोन रकाने आहेत, नावे आणि जमा. हे दोन्ही पुसून मी नुसतं 'ठीक आहे' असं लिहिलं, तर कुणाची किती बाकी ते मलाही सांगता येणार नाही. साखरेच्या पाकात चिमूटभर ओट्स आणि दोन बदाम टाकून अर्धा-एक तारा वर चढायची सोय या पद्धतीत आहे. ज्याला शुगर आहे त्याला सरासरी नको असते. साखर जास्त आहे का, या एका प्रश्नाचं उत्तर त्याला हवं असतं. आणि ज्याला काहीच वाचता येत नाही, तो अर्ध्या ताऱ्याकडे बघूनही म्हणणार, तारा आहे म्हणजे सरकारनं पसंत केलंय. हिरव्या ठिपक्याचं झालं तेच.

चौथी तक्रार शाळेची, आणि तिच्यात माझाही वाटा आहे. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायचे नाहीत, असा तुमचा २०२० चा नियम आहे. मला तो पेपरातून कळला. टेप लावून मोजलं, माझं दुकान फाटकापासून ४१ मीटरवर भरलं. पुढच्या लड्या काढून आत ठेवल्या, शाळेच्या पोरांना द्यायच्या नाहीत असं ठरवलं. आठवडाभर नेटाने पाळलं. पोरं चार पावलं पुढच्या टपरीवर गेली, टपरीवाला ६० मीटरवर आहे, तो नियमात बसतो. आठव्या दिवशी लड्या परत बाहेर आल्या. मला याचं समर्थन करायचं नाही. पण सगळा नियम शेवटी पाच रुपयांच्या पाकिटावर मूठभर पैसे सुटणाऱ्या माणसाच्या मनाच्या खंबीरपणावर सोडलात, तर तो टिकणार कसा? ते पाकीट बनवणारा, त्यावर कार्टून छापणारा, आत स्टिकर टाकणारा या ५० मीटरच्या दोरीत कुठेच येत नाही.

आता वहीबद्दल. माझ्याकडे वडिलांच्या काळापासूनच्या उधारीच्या वह्या आहेत. वाळवी लागू नये म्हणून मी त्या कडुलिंबाच्या पाल्यात ठेवतो, बायको म्हणते रद्दीत घाला. १९९४ च्या एका पानावर एका शेतमजूर घराचा महिना असा आहे: ज्वारी, तूरडाळ, मटकी, शेंगदाणे, गूळ, गोडेतेल, चहापूड, साखर, मिठाचा पुडा, फुटाणे, चुरमुरे. त्याच घराचं, म्हणजे आता मुलाच्या घराचं, गेल्या महिन्याचं पान: तेल, साखर, चहापूड, डाळ दोन किलो, आणि मग ओळीने बिस्किट, नूडल्स, वेफर, बिस्किट, बिस्किट, नूडल्स, थंडा. रेशनचा गहू-तांदूळ मिळतो, त्यामुळे ज्वारी वहीतून गेली. शेंगदाणे गेले. मटकी गेली.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांच्या ताटात रोज माणशी २५० ग्रॅम धान्य, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, आणि डाळी-कडधान्यं किंवा त्याऐवजी अंडी-मांस ८५ ग्रॅम आहे. मी माझ्या पद्धतीने गुणाकार केला. ८५ ग्रॅम, पाच माणसं, तीस दिवस: पावणेतेरा किलो. महिन्याला चार किलोच्या वर डाळ नेणारं पाच माणसांचं एकही घर माझ्या वहीत नाही. मटण-अंडी धरली तरी खड्डा भरत नाही. जो पैसा त्या खड्ड्यात जायला हवा होता तो लड्यांवर गेलाय.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे त्या घरातल्या बाईचा चेहरा आहे, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. तिला कुणी आळशी म्हणू नये. ती सकाळी सातला खुरपायला जाते. पोराच्या हातात पाच रुपये ठेवते कारण चुलीपुढे बसायला तिच्याकडे वेळ नाही, आणि त्या पाच रुपयांत माझ्याकडे पोराला आवडेल असं दुसरं फारसं काही नाही. बरणीत फुटाणे आहेत, गूळ आहे. फुटाण्यांची जाहिरात क्रिकेटच्या मॅचमध्ये लागत नाही. आणि ते पाच रुपयांचं पाकीटही लबाड आहे. वर्षानुवर्षं किंमत तीच राहते आणि आतले ग्रॅम गुपचूप उतरतात. हातात घेतल्याबरोबर मला कळतं, पोराला कळत नाही, कारण पाकीट तेवढंच फुगलेलं असतं.

देशाचं चित्र माझ्या वहीपेक्षा वेगळं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २४ टक्के जादा वजनाच्या निघाल्या, त्याआधीच्या फेरीत त्या २०.६ टक्के होत्या. त्याच वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी. पोट सुटलंय आणि रक्त नाही, अशी बाई आम्ही रोज बघतो, तिला आकडेवारी लागत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ च्या अभ्यासाप्रमाणे देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर आहेत. राष्ट्रीय पोषण संस्था म्हणते, देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझं चुकीच्या आहाराचं आहे. जानेवारी २०२५ च्या आर्थिक पाहणीत सरकारनेच सांगितलं की अतिप्रक्रियायुक्त पदार्थांचा (म्हणजे काय ते पुढे सांगतो) खप २००६ मध्ये ९० कोटी डॉलरचा होता, तो २०१९ मध्ये ३,७९० कोटी डॉलरच्या वर गेला. त्याच पाहणीत या पदार्थांवर आरोग्य कर लावण्याचा विचार मांडला होता. आणि २२ सप्टेंबर २०२५ ला मी दुकानात बसून नवे दर भरत होतो: बिस्किट आणि चॉकलेट १८ वरून ५ टक्के, नूडल्स आणि नमकीन १२ वरून ५. साखरेच्या थंड्यावर मात्र ४०. कर तुमच्या हातात नाही हे मला कळतं. पण किंमत उतरली, जाहिरात आहे तशीच राहिली, आणि इशारा कुठेच नाही, या तिन्ही गोष्टी एकाच पुड्यावर येऊन बसल्या आहेत.

कुणी म्हणेल, साखर-मीठ-तेल तर घरीही घालतात, त्यात नवीन ते काय. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. ब्राझीलच्या साओ पावलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ पासून अन्नाची प्रक्रियेप्रमाणे विभागणी मांडली, पुढे तिचे चार गट झाले. तिचं नाव नोव्हा. साधं किंवा थोडी प्रक्रिया झालेलं अन्न, स्वयंपाकाला लागणारे तेल-साखर-मीठ यांसारखे घटक, त्यांपासून बनलेले प्रक्रिया केलेले पदार्थ, आणि चौथा गट अतिप्रक्रियायुक्त. या चौथ्या गटात मक्याचं, गव्हाचं, सोयाबीनचं अन्न म्हणून जे काही असतं ते कारखान्यात मोडतात, त्यातून स्टार्च, सिरप, प्रथिनांची भुकटी, तेल वेगळं काढतात, आणि रंग, वास, तेल-पाणी एकजीव ठेवणारे इमल्सिफायर घालून ते पुन्हा पदार्थाच्या आकारात जोडतात. घरात कुणाच्याही डब्यात माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून काढलेली भुकटी, नसते. मी किराणावाला असून माझ्याकडेही ती सुटी मिळत नाही.

आणि हे नुसतं नावं ठेवणं नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० माणसांना दवाखान्यात ठेवून घेतलं, निष्कर्ष २०१९ मध्ये छापले. दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त जेवण, दोन आठवडे साधं. पुढे ठेवलेल्या जेवणात साखर, चरबी, मीठ, तंतू, उष्मांक सारखे राखले होते, आणि सांगितलं, पोट भरेपर्यंत खा. पहिल्या प्रकारच्या जेवणावर माणसं रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती, म्हणजे घरच्या पाच-सहा फुलक्यांइतकं. दोन आठवड्यांत वजन जवळजवळ किलोभर वाढलं, साध्यावर तेवढंच उतरलं. माझ्या दुकानात हे सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही. फुटाणे खाऊन पोरगं परत येत नाही. वेफरवालं दहा मिनिटांत परत येतं.

हा चौथा गट कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत, तेही मी वाचलंय. दुपारी एक ते चार गिऱ्हाईक नसतं, तेव्हा दुसरं करायचं काय? कारखान्याचा पाव कुठे बसवायचा, गोड दह्याचं काय, असे ते वाद आहेत. पण वाद कडेला आहेत, मधला ढीग सगळ्यांना दिसतो. आपल्या कायद्यात तर अतिप्रक्रियायुक्त अन्नाची व्याख्याच नाही, मग वाद तरी कशावर घालायचा!

कंपन्यांची बाजू अशी की इशारा छापला तर लोणचं, पापड, फरसाण यांवरही येईल, आपली खाद्यसंस्कृती बदनाम होईल. येऊ दे ना. आमच्या गावच्या बचत गटाचं लोणचं मी विकतो. त्यात मीठ जास्त आहे हे बनवणाऱ्या बायकाच सांगतात. लोणचं ताटात बोटभर वाढतात, वाटीभर कुणी खात नाही. शेंगाचटणीला तर कुणी भ्यायचं कारणच नाही, ती कडक भाकरीबरोबर चिमटीने खातात. संस्कृतीची काळजी असती तर वेफरच्या पाकिटावर आधी मराठी आली असती.

हे तुम्हाला जमणार नाही असं कुणी म्हटलं, तर मी तुमच्या बाजूने भांडेन. ट्रान्स फॅट ही हृदयाला घातक चरबी तेला-तुपात ३ टक्क्यांच्या आत आणायला तुम्ही जानेवारी २०२१ पासून लावलंत, वर्षभरात २ टक्क्यांवर आणलंत. तेव्हाही धंदा बुडेल अशी ओरड होती, कुणाचा बुडाला नाही. जून २०२४ मध्ये पाणी मिसळलेल्या रसावरून '१०० टक्के फळांचा रस' हे शब्द काढायला लावलेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या गोड पेयांना 'ओआरएस' हे नाव वापरायची मनाई केलीत. म्हणजे मनावर घेतलं की होतं. आणि दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या डब्याबंद अन्नाची जाहिरात करायला तर देशात १९९२ पासूनच्या कायद्याने बंदी आहे. दुसरा वाढदिवस झाला की हे संरक्षण संपतं, आणि तिसऱ्या वर्षापासून ते पोर माझ्या काउंटरपाशी येतं.

माझं मागणं असं आहे. पुड्याच्या पुढच्या बाजूला, हिरव्या ठिपक्याशेजारी, काळं चिन्ह द्या. साखरेचं वेगळं, मिठाचं वेगळं, चरबीचं वेगळं, ज्याचं माप ओलांडलं त्याचं. सक्तीचं करा, चार वर्षं ऐच्छिक नको, आणि तारे नकोतच. मापं ठरवताना माल विकणाऱ्यांना त्या टेबलावर बसवू नका. यात मीही आलो. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आग्नेय आशिया विभागासाठी २०१७ मध्ये मापं तयार करून ठेवली आहेत, तिथून सुरुवात करा. लहान पाकीट एका बैठकीत संपतं, म्हणून त्याच्यावर अख्ख्या पाकिटाचा हिशेब छापायला लावा, आणि लहान मुलांसाठीच्या मालावर मुलांचं माप. ज्या राज्यात माल जातो तिथली भाषा पुड्यावर पाहिजे. ज्याच्यावर काळं चिन्ह आहे त्याच्यावर कार्टून नको, आत खेळणं नको. ५० मीटरच्या नियमाला माल पुरवणाराही बांधून घ्या. अतिप्रक्रियायुक्त अन्नाची व्याख्या कायद्यात आणा, आज अपुरी असली तरी चालेल.

दक्षिण अमेरिकेतल्या चिलीने हे जून २०१६ मध्ये केलं. आठ कोनांची काळी पाटी, त्यात 'जास्त' एवढा शब्द आणि कशात जास्त ते. कार्टून काढली, शाळेतली विक्री बंद केली. पहिल्या दीड वर्षात गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी उतरली. पुढे मेक्सिकोने २०२० मध्ये तसंच केलं.

मी माझ्यापुरतं काय केलं तेही सांगतो. छापलेल्या पुड्यावर काही चिकटवायचा अधिकार मला नाही, म्हणून फळीच्या कडेला चिकटवलं. दुकानात बायकांच्या टिकल्यांची पाकिटं असतात, त्यातल्या मोठ्या काळ्या टिकल्या घेतल्या. चिलीची आत्ताची मापं धरली: १०० ग्रॅममागे साखर १० ग्रॅम, सोडियम ४०० मिलिग्रॅम, संपृक्त चरबी ४ ग्रॅम. जेवढी मापं ओलांडली तेवढ्या टिकल्या त्या मालाखाली. दोन रात्री लागल्या. बिस्किटांची फळी जवळजवळ काळी झाली. एक पुडा मी फार दिवस चांगला समजून विकत होतो, त्याच्याखाली तीन टिकल्या लागल्या.

पहिल्या दिवशी एक मावशी म्हणाल्या, "काय हो शेठ, मालाला दृष्ट लागली का?" कंपनीचा पोरगा ऑर्डर घ्यायला आला, त्याने फोटो काढला, म्हणाला, काका, हे साहेबांनी बघितलं तर डिस्प्लेचे पैसे बंद होतील. दोन पोरं मात्र फळीपाशी उभी राहून टिकल्या मोजत होती. त्यातल्या एकाने तीन टिकल्यांचं परत ठेवून एकीचं घेतलं. एकीचंही चांगलं नाही रे, असं सांगावंसं वाटलं, पण ते पैसे देऊन निघूनही गेलं होतं.

आई संध्याकाळी दुकानात येऊन बसते. तिने फळीवरून नजर फिरवली आणि तपकिरी पुड्याखाली बोट ठेवून विचारलं, "ही कशाची रे?" मी सांगितलं, साखरेची. तिने काहीच न बोलता हात मागे घेतला. आता चहाबरोबर चुरमुरे खाते, आणि मला सहा वर्षांचा हिशेब अधूनमधून ऐकवते.

टिकल्यांचं पहिलं पाकीट संपलं, दुसरं फोडलंय. तुमचं चिन्ह येईल त्या दिवशी काढून टाकीन. उत्तर पाठवायचं असेल तर माझा पत्ता तुमच्या नोंदणीत आहे.

आपला,
एक किराणा दुकानदार
जि. सोलापूर